'अमेरिकेत पक्षांची अदलाबदल झाली का?' हा वादविवाद वर्गात कसा घ्यायचा

अमेरिकन शासनव्यवस्था शिकवायला घेतली की एक प्रश्न हमखास येतो. गुलामगिरी मोडणारा लिंकन रिपब्लिकन होता आणि गुलामगिरीच्या बाजूने उभी राहिलेली दक्षिण डेमोक्रॅटिक होती, तर मग आज तिथला कृष्णवर्णीय मतदार एवढ्या मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षामागे कसा? याची दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणतं, 'दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या.' दुसरं म्हणतं, 'कुणी काही बदललं नाही, ही नंतर रचलेली कहाणी आहे.' दोन्ही एका ओळीची आहेत, त्यामुळे वर्गात वाद चटकन पेटतो आणि पाच मिनिटांत 'ज्याचं त्याचं मत' म्हणून विझतो. हे होऊ देऊ नये. या विषयात मोजून दाखवता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मोजलं की दोन्ही उत्तरं अपुरी का पडतात हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसतं.

खालची पद्धत पदवीच्या साधारण तीस विद्यार्थ्यांसाठी आणि तीन तासांच्या एका बैठकीसाठी आहे. नांदेड, परभणी, बीड, लातूर, संभाजीनगर, कुठेही चालेल. प्रोजेक्टर लागत नाही, तेव्हा लाईट गेली तरी काही अडत नाही. वेळ अशी वाटा: शब्द साफ करायला २० मिनिटं, मतदानाच्या फळ्याला ३५, नकाशांना ४०, चहाला १०, प्रत्यक्ष वादाला ६० आणि निकालाला १५. बैठक सकाळी अकराला सुरू करा. दुपारी सुरू केली तर बाहेरगावच्या मुलामुलींचं लक्ष एसटीच्या वेळेकडे लागतं आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा तास वाया जातो.

आधी शब्द

हा भाग टाळू नका. मराठवाड्यातल्या वर्गात निम्मा गोंधळ शब्दांतूनच येतो.

'रिपब्लिकन' म्हटलं की आपल्याकडे निळा झेंडा डोळ्यांसमोर येतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला, बाबासाहेबांच्या कल्पनेतला तो पक्ष. अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष १८५४ सालचा. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये या मागणीतून तो उभा राहिला. नावापलीकडे दोन्ही पक्षांत काही समान नाही, हे पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहा. लिहिलं नाही तर अर्धा वर्ग मनातल्या मनात एका बाजूचा होऊन बसतो आणि तुम्हाला ते कळतही नाही.

'काँग्रेस' हे तिकडच्या संसदेचं नाव आहे. 'काँग्रेसने कायदा केला' हे वाक्य आपल्या कानाला भलतंच ऐकू येतं. म्हणून बैठकभर 'संसद', 'प्रतिनिधिगृह' आणि 'सिनेट' एवढेच शब्द वापरायचे असा नियम करा.

'दक्षिण' म्हणजे इथे नेमकी अकरा राज्यं: व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, साऊथ कॅरोलिना, जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, आर्कान्सा, टेनेसी आणि टेक्सास. १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघालेली ती हीच. यादी एकदा ठरली की ती बदलायची नाही. केंटकी किंवा ओक्लाहोमा मध्येच आत घेतलं की आकडे हलतात.

आणि 'पक्षांतर'. हा शब्द वर्गात वापरूच देऊ नका. आपल्याकडे पक्षांतर म्हणजे आमदाराने या पक्षातून त्या पक्षात उडी मारणं. त्याच्याविरुद्ध १९८५ साली दहावी अनुसूची आली. अमेरिकेतली मुख्य गोष्ट पुढाऱ्यांच्या उड्यांची नाही. मतदार हलले, त्यांच्या पाठोपाठ नवे उमेदवार आले आणि पक्षांच्या भूमिका घडत गेल्या. याला 'फेरमांडणी' म्हणावं. दहाव्या अनुसूचीचा उल्लेख मात्र दुसऱ्या एका कारणासाठी जरूर करा. आपल्याकडे व्हिप मोडला तर सदस्यत्व जातं, तिकडे असं काही नाही. एकाच पक्षाचे खासदार एकाच विधेयकावर उभे-आडवे मतदान करू शकतात आणि करतातही. हे माहीत नसेल तर पुढचा फळा समजणार नाही.

एक बारकावा राहिला. 'वर्ण' या शब्दाला आपल्याकडे चातुर्वर्ण्याचा वास आहे. म्हणून 'वंश' आणि 'वंशभेद' हे शब्द घ्या, आणि माणसांसाठी 'कृष्णवर्णीय' व 'गोरे'. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतला 'निग्रो' शब्द वापरायचा नाही.

ठराव कसा लिहावा

'अमेरिकेतल्या पक्षांची अदलाबदल झाली' असा ठराव ठेवलात तर वाद फसणार. 'अदलाबदल' म्हटलं की या हाताचं सगळं त्या हातात गेलं असं गृहीत धरलं जातं, आणि तसं झालेलं नाही. रिपब्लिकन पक्ष १८९६ साली मॅकिन्लीच्या वेळी उद्योगधंदेवाल्यांच्या जवळ होता, १९८० साली रेगनच्या वेळीही होता. १८९६ चा डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू मांडत होता. वंशाच्या प्रश्नावर मोठा बदल झाला, आर्थिक प्रश्नांवर मात्र पुष्कळ काही जागच्या जागी राहिलं. म्हणून ठराव असा ठेवा:

'१९३० ते २०१० या काळात वंशाच्या प्रश्नावरून अमेरिकेतल्या दोन प्रमुख पक्षांच्या मतदारांची फेरमांडणी झाली, आणि दक्षिणेतल्या बदलाचं मुख्य कारण तेच होतं.'

यात दोन दावे आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा सिद्ध करायला अवघड आहे. चांगला वाद तिथेच होतो. शेवटचं साल २०१० ठेवण्यालाही कारण आहे: अलाबामाचं विधिमंडळ पुनर्रचनेच्या काळानंतर (यादवी युद्धानंतर फुटलेल्या राज्यांना पुन्हा संघराज्यात आणलं ती वर्षं) प्रथमच रिपब्लिकन पक्षाच्या हाती गेलं ते त्या वर्षीच्या निवडणुकीत. शेवटचं साल ठरवलं नाही तर पहिल्या वीस मिनिटांत गाडी आजच्या पुढाऱ्यांवर येते आणि परत वळत नाही.

ठरावाखाली चार प्रश्न लिहून ठेवा: पुढारी हलले का? मतदार हलले का? पक्षाची भूमिका हलली का? प्रदेश हलला का? बोलणाऱ्याने प्रत्येक मुद्दा मांडताना तो यांपैकी कोणत्या प्रश्नाबद्दल आहे हे आधी सांगायचं. या एका अटीने निम्मी भांडणं मिटतात, कारण बहुतेक वेळा एकजण पुढाऱ्यांचं सांगत असतो आणि दुसरा मतदारांचं.

१९६४ चा फळा

सगळ्या बैठकीत हा भाग जीव लावून करा.

१९६४ चा नागरी हक्क कायदा: हॉटेलं, थिएटरं, नोकऱ्या, सार्वजनिक जागा यांतला वंशभेद बेकायदा ठरवणारा. १० फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधिगृहाने तो २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केला. पक्षवार आकडे फळ्यावर मांडा:

डेमोक्रॅटिक: बाजूने १५२, विरोधात ९६ (६१ टक्के बाजूने)
रिपब्लिकन: बाजूने १३८, विरोधात ३४ (८० टक्के बाजूने)

इथे थांबा आणि विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढू द्या. 'म्हणजे रिपब्लिकन पक्षच हक्कांच्या जास्त बाजूने होता' हे उत्तर येईल. आकडे खरे आहेत, त्यामुळे उत्तर लगेच खोडू नका. आता फळ्याचा दुसरा भाग उघडा आणि तीच मतं प्रदेशवार फोडा:

उत्तरेतले डेमोक्रॅट: बाजूने १४५, विरोधात ९ (९४ टक्के)
उत्तरेतले रिपब्लिकन: बाजूने १३८, विरोधात २४ (८५ टक्के)
दक्षिणेतले डेमोक्रॅट: बाजूने ७, विरोधात ८७ (७ टक्के)
दक्षिणेतले रिपब्लिकन: बाजूने ०, विरोधात १० (० टक्के)

(इथे अकरा राज्यं सोडून बाकी सगळ्या देशाला 'उत्तर' म्हटलं आहे.) उत्तरेत डेमोक्रॅट पुढे आणि दक्षिणेतही डेमोक्रॅटच पुढे. तरी एकत्र केलं की रिपब्लिकन पुढे! बेरजा विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.

हे असं का होतं ते शेतीवरून पटकन समजतं. एका शेतकऱ्याकडे २ एकर बागायत आणि ८ एकर जिरायत. सोयाबीन बागायतीत एकरी १२ क्विंटल, जिरायतीत ५. दुसऱ्याकडे ८ एकर बागायत, २ एकर जिरायत. बागायतीत ११, जिरायतीत ४. दोन्ही प्रकारच्या जमिनीत पहिला सरस. पण सगळ्या दहा एकरांची सरासरी काढली तर पहिल्याची ६.४ आणि दुसऱ्याची ९.६. पहिल्याची जमीनच जास्त करून कोरडवाहू आहे, त्याच्या कसण्यात खोट नाही. तसंच डेमोक्रॅटिक पक्षाच्या २४८ मतांपैकी ९४ दक्षिणेतली होती, रिपब्लिकन पक्षाच्या १७२ पैकी फक्त १०.

सिनेटमध्येही हेच चित्र आहे. १९ जून १९६४ ला ७३ विरुद्ध २७. डेमोक्रॅट ४६-२१, रिपब्लिकन २७-६. फोड केली तर उत्तरेतले डेमोक्रॅट ४५-१, उत्तरेतले रिपब्लिकन २७-५, दक्षिणेतले डेमोक्रॅट १-२०, दक्षिणेतला एकमेव रिपब्लिकन विरोधात.

इथे दोन चुका होतात. पहिली, प्रदेशवार फोड दाखवली की वर्ग रिपब्लिकन पक्षाचं श्रेय पूर्ण पुसून टाकतो. ते चूक आहे. दक्षिणी सिनेटरांनी भाषणं लांबवून विधेयक अडवून धरलं होतं. १० जून रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली, ती सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपली माणसं जमवली म्हणून. त्यांच्याशिवाय कायदा त्या वर्षी झाला नसता. दुसरी चूक उलटी: एकत्रित आकडा घेऊन 'रिपब्लिकन पक्षानेच कायदा केला' म्हणणं. सभागृहात विधेयक रेटलं ते डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी. दोन्ही पक्षांच्या उत्तरेकडच्या माणसांनी मिळून दक्षिणेला हरवलं, हे त्या मतदानाचं खरं वर्णन.

सात नकाशे

अकरा राज्यांचा कोरा नकाशा ए-फोर कागदावर काढा. पाच जणांचा एक गट, सहा गट, प्रत्येकी सात नकाशे, म्हणजे ४२ झेरॉक्स. रंग वापरू नका. डेमोक्रॅटिक निळा आणि रिपब्लिकन लाल ही वाटणी २००० च्या निवडणुकीनंतर पक्की झाली. जुन्या नकाशांत, काही आजच्या नकाशासंग्रहांतही, ती बरोबर उलटी सापडते. त्यात आपल्याकडे निळा म्हटलं की रिपब्लिकनच आठवतो. म्हणून रेघा: डेमोक्रॅटिकला आडव्या, रिपब्लिकनला उभ्या, तिसऱ्या उमेदवाराला ठिपके. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही हे नीट दिसतं.

अध्यक्षीय निवडणुकांचे निकाल असे भरायचे:

१९४४: अकराच्या अकरा आडव्या. रूझवेल्ट.
१९४८: साऊथ कॅरोलिना, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना ठिपके. बाकी सात आडव्या, ट्रूमन.
१९५६: टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, टेनेसी, लुइझियाना उभ्या, आयझेनहॉवर. बाकी सहा आडव्या.
१९६४: साऊथ कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना उभ्या, गोल्डवॉटर. बाकी सहा आडव्या, जॉन्सन.
१९६८: व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना, टेनेसी, फ्लोरिडा उभ्या, निक्सन. अलाबामा, आर्कान्सा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी ठिपके, वॉलेस. टेक्सास एकटं आडवं, हम्फ्री.
१९७६: व्हर्जिनिया सोडून सगळ्या आडव्या, कार्टर.
१९८०: जॉर्जिया सोडून सगळ्या उभ्या, रेगन.

१९४८ चे ठिपके म्हणजे स्ट्रॉम थर्मंड. त्या वर्षी डेमोक्रॅटिक अधिवेशनाने नागरी हक्कांचा ठराव घेतला, तेव्हा दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले आणि त्यांनी वेगळा उमेदवार दिला. २६ जुलै १९४८ ला ट्रूमननी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. १९६८ चे ठिपके म्हणजे अलाबामाचे जॉर्ज वॉलेस, शाळांतलं गोऱ्या-काळ्यांचं विभाजन टिकवण्यासाठी लढलेले.

नकाशे भरून झाले की १९५६ आणि १९६४ शेजारी ठेवायला सांगा. दोन्हीत पाच-पाच राज्यं उभ्या रेघांची. सामाईक किती? एकच, लुइझियाना. मग १९४८ चे ठिपके १९६४ शी जुळवायला सांगा. ठिपक्यांची चारही राज्यं गोल्डवॉटरने घेतली. त्यांत जॉर्जियाची भर पडली, आणि जॉर्जियाने त्याआधी कधीही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नव्हता.

या जुळणीसाठी दहा मिनिटं जास्त लागली तरी देऊन टाका. दक्षिणेत रिपब्लिकन पक्ष दोन वेगवेगळ्या वाटांनी शिरला, हे इथे कागदावर दिसतं. १९५६ ची वाट वाढती शहरं, उपनगरं, नवे उद्योग आणि उत्तरेतून आलेला नोकरदार वर्ग यांची. १९६४ ची वाट त्या राज्यांतून गेली जिथे कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि त्यांना मतदानापासून दूर ठेवलेलं होतं. गोल्डवॉटर यांनी १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता, १९६४ च्या कायद्याला मात्र विरोध केला. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं पडली. त्याच मिसिसिपीने १९३६ साली रूझवेल्टना ९७ टक्के दिली होती. एवढी मोठी उलथापालथ उपनगरांनी होत नाही.

१९७६ चा नकाशा मुद्दाम ठेवला आहे. 'कायदा झाला आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण पलटली' असं म्हणणाऱ्याला तो अडवतो.

ठरावाच्या बाजूने काय मांडावं

सुरुवात दक्षिणेतून करू नका, उत्तरेतून करा. १९१० ते १९७० या काळात साधारण ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. दक्षिणेत त्यांना मत नव्हतं, तिकडे होतं. १९३२ च्या मंदीतही त्यांच्यातल्या बहुतेकांनी लिंकनच्या पक्षालाच मत दिलं. १९३६ ला चित्र फिरलं आणि साधारण ७१ टक्के रूझवेल्टकडे गेले. कारण रोजगार आणि मदतकार्य. शिकागोतून १९२८ साली निवडून आलेले कृष्णवर्णीय खासदार ऑस्कर डी प्रीस्ट रिपब्लिकन होते, १९३४ ला त्यांना हरवणारे आर्थर मिचेल डेमोक्रॅटिक. एकाच मतदारसंघातली ही दोन नावं सगळी गोष्ट सांगतात. तरी बदल पूर्ण झालेला नव्हता. १९५६ ला आयझेनहॉवरना साधारण ३९ टक्के आणि १९६० ला निक्सनना ३२ टक्के कृष्णवर्णीय मतं मिळाली. १९६४ ला जॉन्सनना ९४ टक्क्यांच्या आसपास.

मग १९६५ चा मतदान हक्क कायदा घ्या. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी त्याआधी ७ टक्क्यांखाली होती, १९६७ पर्यंत ती जवळजवळ ६० टक्के झाली. हे मतदार डेमोक्रॅटिक पक्षात आले आणि पक्षाला आतून बदलावं लागलं. 'पक्ष कसा बदलतो' याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

कारणांच्या दाव्यासाठी दोन भक्कम आधार आहेत. अर्थशास्त्रज्ञ इल्याना कुझिमको आणि इबोन्या वॉशिंग्टन यांनी २०१८ साली जुन्या जनमत चाचण्या तपासून दाखवलं की १९५८ ते १९८० दरम्यान दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडण्याचा बहुतांश भाग वंशविषयक मतांनी समजावता येतो, उत्पन्नवाढीने नाही. दुसरा आधार पक्षाच्या तोंडूनच आहे: जुलै २००५ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेच्या अधिवेशनात, आपल्या पक्षातल्या काहींनी वंशाच्या दुहीचा राजकीय फायदा उठवायचा प्रयत्न केला आणि ते चूक होतं, अशी कबुली दिली.

विरोधात काय मांडावं

विरोधी बाजूला दुबळी मानून मुलं तिथे जायला कचरतात. ती दुबळी नाही.

पहिला मुद्दा पुढाऱ्यांचा. १९६४ च्या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या २१ डेमोक्रॅटिक सिनेटरांपैकी पक्ष बदलून रिपब्लिकन झाले ते एकटे थर्मंड. ईस्टलंड, स्टेनिस, रसेल, अर्विन शेवटपर्यंत डेमोक्रॅट राहिले. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड तर २०१० पर्यंत. हा मुद्दा खरा आहे आणि समोरच्या बाजूने तो मान्य केला पाहिजे. पण त्याचं कारणही विचारलं पाहिजे. संसदेत समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळायचं, आणि पक्ष सोडला की ज्येष्ठता गेली. ईस्टलंड १९५६ ते १९७८ सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते, आणि नागरी हक्कांची विधेयकं त्याच समितीकडे जायची. अशी खुर्ची कोण सोडेल?

दुसरा मुद्दा वेळेचा. दक्षिणेतल्या प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे गेल्या १९९४ साली, कायद्यानंतर तीस वर्षांनी. जॉर्जियाला पुनर्रचनेनंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर मिळाला २००२ च्या निवडणुकीत. वंश हेच कारण असेल तर एवढी वर्षं का लागली? या प्रश्नात दम आहे. उत्तर देणाऱ्याला पिढी बदलणं, स्थानिक डेमोक्रॅटांची वैयक्तिक पकड, मतदारसंघांची फेररचना हे सगळं आणावं लागतं.

तिसरा, १९५२ आणि १९५६ चा. आयझेनहॉवर दक्षिणेत मतं मिळवत होते तेव्हा त्यांचा पक्ष नागरी हक्कांच्या विरोधात नव्हता. १९५७ ला लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून सैन्य पाठवलं ते याच अध्यक्षांनी. चौथा, निक्सन यांचा कारभार: सरकारी कंत्राटांत अल्पसंख्याकांना कामं मिळावीत म्हणून १९६९ चा फिलाडेल्फिया प्लॅन त्यांनीच लागू केला. पाचवा, धर्म: गर्भपाताला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालानंतर चर्चला जाणारा गोरा मतदार वेगळ्या कारणाने हलू लागला.

विरोधी बाजूची नेहमीची चूक म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेचा दाखला. क्लॅन १८६५ साली टेनेसीत सुरू झाली आणि पुनर्रचनेच्या काळात रिपब्लिकनांवर हल्ले करत होती, हे खरं. पण १९२० च्या दशकातली क्लॅन वेगळी. इंडियानात तिची जवळीक रिपब्लिकन पक्षाशी होती, आणि १९२४ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात तिचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव एका मताहून कमी फरकाने पडला (तिथे अर्धी मतंही मोजली जायची). क्लॅनवरून आजचा कुठलाच पक्ष सिद्ध होत नाही.

कुठे घसरतं

आपल्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही, आणि मराठवाड्यात तो आवरू नयेच. नामांतराच्या लढ्यातून गेलेला हा प्रदेश आहे. हक्काचा कायदा आणि गावातलं वागणं यांतलं अंतर इथे समजावून सांगावं लागत नाही. फळ्याच्या कडेला दोन रकाने आखा. ट्रूमन यांचा आदेश जुलै १९४८, हैदराबाद संस्थान मुक्त झालं ते १७ सप्टेंबर १९४८. आयझेनहॉवर दुसऱ्यांदा निवडून आले ६ नोव्हेंबर १९५६, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६. लिटल रॉकला सैन्य गेलं २४ सप्टेंबर १९५७, आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४, दक्षिणेतल्या जागा पलटल्या त्याच वर्षी नोव्हेंबरात. तारखा लक्षात ठेवायला याहून चांगली खुंटी नाही. पण तारखा जवळ आल्या म्हणजे कारणं एक झाली, असं म्हणू देऊ नका. तिकडचा अमुक पक्ष म्हणजे आपला तमुक पक्ष, हे वाक्य आलं की बोलणाऱ्याला तिथेच थांबवा.

तुलनेचा रस्ता बाबासाहेबांनी दाखवला आहे, आणि तो नेमका आहे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन समाजांची स्थिती सारखी वाटते, म्हणून त्यांनी कागद मागवला. वर्गातही हीच शिस्त ठेवा: साम्य सांगायचं तर कागद दाखवायचा.

अवतरणं तपासून घ्या. कायद्यावर सही केल्यावर जॉन्सन म्हणाले की आपण दक्षिण रिपब्लिकनांना दिली, हे वाक्य फार फिरतं. ते त्यांचे सहायक बिल मॉयर्स यांच्या आठवणीतून आलेलं आहे. वापरायला हरकत नाही, पण 'मॉयर्स यांच्या आठवणीनुसार' एवढं जोडूनच.

वाद आणि गुण

प्रत्येक बाजूला चार वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं. उरलेल्या वीस मिनिटांत उलटप्रश्न. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा, आवडीने नाही. गुण ५० पैकी: कोणत्या प्रश्नाबद्दल बोलतोय हे सांगितल्याबद्दल १०, साल-ठिकाण-आकडा अचूक दिल्याबद्दल २०, समोरच्याचा खरा मुद्दा मान्य करून पुढे गेल्याबद्दल १०, आधार सांगितल्याबद्दल १०. आवाजाला आणि शेरोशायरीला गुण नाहीत, हे आधीच जाहीर करा. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मुलांना ते जड जातं, पण दुसऱ्या फेरीपासून तीच मुलं आकडे पाठ करून येतात.

पुढच्या आठवड्यासाठी काम द्या. प्रत्येकाने आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या १९६२ पासूनच्या निवडणुका घ्यायच्या आणि त्याच आडव्या-उभ्या रेघांनी पट्टी भरायची. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उघड उपलब्ध आहेत. उमेदवाराचा रकाना वेगळा आणि पक्षाचा वेगळा. फेररचनेत मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या तिथे जाड रेघ मारायची, नाहीतर हद्द बदलली तरी मतदार बदलला असं वाटतं. तिसरा रकाना कारणाचा. तो पहिल्या आठवड्यात कोराच ठेवायला सांगा.